आग्रा रोडवरची झुंबर अक्का

झुंबरबाई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलायला कोण उभं राहणार, यावरून पिंपळवाड्याच्या बौद्धवाड्यात दोन दिवस चर्चा चालली. शिरपूरहून एखादा पुढारी बोलवावा, माणसं जमतील, असं काही जणांचं म्हणणं होतं. लताबाईनं ते उडवून लावलं. झुंबरबाईच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर, पन्नास वर्षांचा शेजार. ती म्हणाली, "ज्यानी अक्काना हातनं खादं नही, त्याले काय माहीत शे? वृषालीले उभी करा."

वृषाली ही झुंबरबाईची एकुलती एक लेक. धुळ्याला एका दवाखान्यात अठरा वर्षं नर्स. रक्त, उलट्या, रडारड कशालाही ती बिचकत नसे, पण माईक म्हटलं की तिच्या तळहाताला घाम फुटायचा. तरी ती हो म्हणाली. नाही कुणाला म्हणणार?

आदल्या दिवशी दुपारी ती वही-पेन घेऊन ओसरीवर बसली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून काहीतरी सांगून जाई. कुणी म्हणे, शाळेच्या खिचडीचं लिही. झुंबरबाईनं वीस वर्षं झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवली होती आणि सकाळी घरून उपाशी आलेलं पोर ती नुसत्या तोंडाकडं बघून ओळखायची. कुणी म्हणे, तुझे वडील गुलाबभाऊ गेल्यावर चार वर्षांच्या तुला कडेवर घेऊन निंदणीला जायची ते सांग. वृषालीनं सगळं लिहून घेतलं आणि मग वही मिटून टाकली. तिच्या मनात सारखी एकच गोष्ट येत होती. ती सांगायची तर त्यात स्वतःचा कमीपणाही सांगावा लागणार होता.

ती गोष्ट लॉकडाऊनच्या मे महिन्यातली.

पिंपळवाडे आग्रा रोडला लागून आहे. तापीचा पूल ओलांडला की शिरपूरच्या अलीकडे. मूळ गाव थोडं आत आणि बौद्धवाडा अगदी रस्त्याच्या कडेला. त्यामुळं मुंबई-नाशिकहून चालत निघालेली माणसं सगळ्यात आधी बौद्धवाड्याला दिसली. सुरुवातीला पाच-दहा, मग शेकड्यांनी. डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पोरं. कुणाला मध्य प्रदेशात जायचं होतं, कुणाला पार बिहारात.

त्या वर्षी चौदा एप्रिलची मिरवणूक निघाली नव्हती, जयंतीचं जेवणही झालं नव्हतं. जेवणासाठी घरोघरून जमवलेले गहू, तांदूळ, डाळ विहारात पोत्यांनी पडून होते. पुढच्या वर्षाला ठेवू, असं मंडळाचं ठरत होतं. झुंबरबाई बैठकीत उठली आणि म्हणाली की जयंती यापेक्षा निराळी काय असते? मग विहाराची मोठी पातेली बाहेर निघाली. रस्त्याकडेच्या निंबाखाली चूल मांडली गेली. शाळेच्या खिचडीचा हात होताच. रोज तीन-चारशे माणसं जेवू लागली.

वृषालीला हे फोनवर कळायचं. ती तेव्हा करोनाच्या वॉर्डात होती. अंगात तो पांढरा पोशाख, आठ-आठ तास पाण्याचा घोट नाही. तिनं डोळ्यांदेखत आईच्या वयाच्या बाया जाताना पाहिल्या होत्या. ती फोनवर ओरडायची. रागात असली की ती घरची अहिराणी सोडून शाळेतल्या मराठीत बोलायची.

"माय, तुझं वय त्रेसष्ट. तुला शुगर आहे. तू घरात बसणार आहेस की नाही?"

"बसस ना," झुंबरबाई म्हणायची. मागून भांड्यांचा आवाज यायचा.

मेच्या मध्यावर वृषालीची ड्युटी संपली, सात दिवस वेगळं राहणं संपलं, तपासणी निगेटिव्ह आली. तिनं पास काढला आणि स्कूटीवरून थेट गाव गाठलं. ठरवूनच निघाली होती. आईला गाडीवर बसवायचं आणि धुळ्याला आणायचं. ऐकलं नाही तर भांडायचं.

दुपारचे अकरा-साडेअकरा झाले होते. डांबर चाकाला चिकटत होतं. निंबाखाली पाहते तर चुलीवर लताबाई होती आणि झुंबरबाई तिथं नव्हतीच. ती पलीकडं, विहाराच्या भिंतीच्या सावलीत जमिनीवर बसली होती. तोंडाला पदर घट्ट बांधलेला. समोर पाण्याची घमेली आणि घमेल्यांत पाय. अनोळखी माणसांचे, सुजलेले, फाटलेले पाय.

वृषालीनं गाडी लावली. लांबूनच म्हणाली, "मी तुला न्यायला आलेय."

झुंबरबाईनं वर पाहिलं. डोळे हसले, पण हात थांबला नाही. "माले मंग लई जाय. पहिले ती बाईना पाय देख. तू नर्स शे ना?"

"माय, मी गंमत करत नाहीये. हे काय चाललंय? जेवण देताय ते ठीक. हे कशाला?"

"भाकर बठ्ठा लोके देतस," झुंबरबाई म्हणाली. "धुळापासून आठेपावत सतरा ठिकाने भाकर भेटस. पाय कोन देखस?"

वृषाली जवळ येऊन वाकली. तिनं त्या बाईचे पाय पाहिले. तिशीची असेल, नाशिककडं बांधकामावर होती. एका पायात पुरुषाची सपात, दुसऱ्याला चिंधी गुंडाळलेली. चिंधी सोडवली तर टाचेचं कातडं चिंधीबरोबर आलं. वर हळद-तेल थापलेलं होतं.

"हळद कुणी लावली?"

"मी," झुंबरबाई म्हणाली.

"हळद नको, माय. चिकटते, मग अशी सोलून निघते. फुटलेल्या फोडाला आधी स्वच्छ पाणी, मग औषध, मग कोरडी पट्टी. न फुटलेला फोड फोडायचा नाही."

वृषालीला वाटलं, आता माय दोन शब्द ऐकवेल. आपण इतके दिवस करतोय, तू आत्ता येऊन शिकवतेस म्हणेल. झुंबरबाईनं हातातली हळदीची वाटी बाजूला सारली आणि बायांना हाक मारली. "कुंदाबाई, आठे ये व. देख, वृषाली कसं करस. आते बठ्ठ्यांनी तसंच करानं."

वृषालीनं हात धुतले, डिकीतून औषधांची पेटी काढली आणि खाली बसली. त्या बाईचा पाय हातात घेतला तशी तिनं तो झटकन मागं ओढला.

"दीदी, पैर मत छुओ. हम लोग..." पुढचं तिनं इतक्या हळू सांगितलं की वृषालीला ऐकू आलं नाही. झुंबरबाईला मात्र ते जातीचं नाव ऐकू आलं. पुढं सरकून तिनं त्या बाईचा घोटा आपल्या हातात धरला, तो वृषालीच्या मांडीवर ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "पानी कोमट है. बैठ."

ती बाई बसली. पट्टी पूर्ण होईपर्यंत तोंड ओढणीत घालून रडत राहिली. ते दुखण्याचं रडणं नव्हतं, एवढं वृषालीला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळत होतं.

संध्याकाळपर्यंत तिनं सत्तर-ऐंशी जोडी पाय पाहिले. धुळ्याला जायचं नाव कुणी काढलं नाही.

पट्ट्या बांधून होत होत्या, पण पट्टी बांधलेला पाय पुन्हा तापल्या डांबरावर ठेवायचा कसा? त्याचीही सोय झुंबरबाईनं आधीच लावली होती. बौद्धवाड्यातल्या प्रत्येक घरातून तिनं चपला, बूट, सपाता जमवल्या होत्या. वाड्यातल्या कुंदनचं रस्त्यावरच पंक्चरचं दुकान. लॉकडाऊनमुळं बंद होतं. तो दाभण आणि जुनी ट्यूब घेऊन बसायचा. तुटलेले अंगठे शिवायचा, झिजलेल्या तळाला टायरचा तुकडा चिकटवायचा. पण वाडा तो केवढा, पंचेचाळीस घरांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला संपल्या.

झुंबरबाईनं एक रिकामं पोतं झटकलं. "चाल व, वृषाली."

"कुठं?"

"गावमा."

गाव म्हणजे आतली पाटील गल्ली. वृषाली जागची हलली नाही. त्या गल्लीची गोष्ट तिनं लताबाईच्या तोंडून लहानपणापासून ऐकली होती. झुंबरबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. विहिरीची वाट त्या गल्लीतून जायची आणि गल्लीच्या तोंडाशी आलं की सासू चपला काढून हातात घ्यायची. सुनेलाही काढायला लावायची. का, तर तसंच चालत आलंय. झुंबरबाईनं महिनाभर काढल्या. एक दिवस नाही काढल्या. पहिल्याच घराच्या मोठ्या ओट्यावर आताचे घरमालक प्रेमराज नाना यांचे वडील बसलेले असायचे. ते खेकसले. झुंबरबाई डोक्यावर हंडा घेऊन तशीच चालत गेली. त्या रात्री गुलाबभाऊंना बोलावणं आलं, दम मिळाला. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई पुन्हा चपला घालून निघाली आणि या वेळी शेजारची लताबाई सोबत होती. चौथ्या दिवशी नऊ बाया होत्या. पुढच्या सोमवारी वाड्यातली एकही बाई हातात चपला घेऊन गेली नाही, सासूही नाही. त्यानंतर झुंबरबाई त्या वाटेनं हजारदा गेली असेल, पण कुणाच्या दारात कधी थांबली नव्हती.

"त्या दारात मागायला जायचं?" वृषाली म्हणाली. "तू? चपला?"

"मी माले मांगत नही," झुंबरबाई म्हणाली आणि चालायला लागली. वृषालीला मागं जावंच लागलं.

पहिलंच दार मोठ्या ओट्याचं. प्रेमराज नाना आता सत्तरीचे. तोंडाला उपरणं गुंडाळून बाहेर आले आणि झुंबरबाईला पाहून पायरीवरच थबकले.

"काय व झुंबर, काय काम काढं?"

"नाना, जुन्या चपला शेतस का घरमा? रस्तावर लोके अनवाणी चाली ऱ्हायनात."

नाना आत गेले. बराच वेळ आले नाहीत. वृषालीला वाटलं, झालं, आता दार लागणार. मग ते केळीचं प्लास्टिकचं कॅरेट घेऊन आले. त्यात सात-आठ जोड होते. झुंबरबाईनं कॅरेट खाली ठेवायला लावलं, उकिडवी बसली आणि एकेक जोड उलटून बघू लागली, भाजी निवडतात तशी. चार पोत्यात टाकले. उरलेले कॅरेटमध्येच ठेवून तिनं कॅरेट परत सरकवलं.

"हाई फाटेल शे. हाईना तळच नही. जे तुमी घालतस नही, ते दुसराले कसाले?"

वृषालीनं मायचा पदर ओढला. मागायला आलेल्या माणसानं असं बोलायचं असतं का? नानांनी मान वळवून आत हाक दिली. "भूमिका! पोरांचे बूट आण. ते दिवाळीचे." सून बिचारी गोंधळून दोनदा विचारून गेली आणि मग खोकीच घेऊन आली.

बूट पोत्यात पडले. झुंबरबाई उठली तेव्हा नाना म्हणाले, "तू आजून तशीच शे, झुंबर."

"तशीच ऱ्हासू."

"त्या दिनले मी ओटावरच व्हतू. बापना मांगे."

"माहीत शे माले."

"मी काही बोलनू नही."

"तेबी माहीत शे," झुंबरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि उगाच गोडवाही नव्हता. तिनं पोत्याचं तोंड आवळलं. "आते बोला ना. गल्लीमा आवाज द्या. मी म्हातारी, कितला दार ठोकसू?"

नानांनी आवाज दिला. आपल्या ओट्यावर उभं राहून, शेतातल्या माणसाला देतात तसा खणखणीत. दारं उघडत गेली. काही उघडली नाहीत, तेही खरं. एका घरातून "इथून पुढं व्हा" असं ऐकू आलं; झुंबरबाई पुढं झाली. पण गल्लीच्या शेवटापर्यंत तीन पोती भरली आणि ती निंबापर्यंत आणायला नानांचीच बैलगाडी जुंपली गेली.

वृषाली चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी तिला ड्युटीवर हजर व्हायचं होतं. निघताना ती म्हणाली, "माय, आता तरी चल." पण तो शब्द तिनं आपल्या समाधानापुरता काढला होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. झुंबरबाईनं तिच्या डिकीत भाकऱ्या आणि ठेचा ठेवला. "तू तठे देख, मी आठे देखस," एवढंच म्हणाली.

जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या आणि रस्ता रिकामा झाला. ऑगस्टमध्ये झुंबरबाईला ताप आला, करोनाच निघाला. अकरा दिवस ती शिरपूरला दाखल होती. वृषालीनं त्या अकरा दिवसांत स्वतःला किती बोल लावले याला सुमार नाही. चार दिवस तिथं होते, ओढून का नाही आणली? पण झुंबरबाई बरी होऊन आली. त्यानंतर चांगली सव्वापाच वर्षं जगली आणि यंदाच्या दिवाळीनंतर एका सकाळी विहाराचं अंगण झाडून पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. तिला खांदा द्यायला बाया पुढं आल्या. पुरुषांमध्ये थोडी कुजबूज झाली तेव्हा लताबाई म्हणाली, "अक्काले आमी लई जासूत," आणि विषय संपला.

कार्यक्रमाच्या दिवशी विहार सकाळीच भरला. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पार अंगणापर्यंत बसल्या होत्या. भिंतीकडेच्या खुर्चीवर प्रेमराज नानाही होते. वृषालीचं नाव पुकारलं गेलं. तिनं वही उघडली नाही. मे महिन्याची ती गोष्ट तिनं सांगितली, जशी आठवली तशी, मागं-पुढं करत. शेवटी म्हणाली, "सगळे मला म्हणतात, लेकीनं आईला मदत केली, पट्ट्या बांधल्या. खरं सांगते, मी मदतीला आलेच नव्हते. मी तिला थांबवायला आले होते. मला भीती वाटत होती. आणि तिला वाटत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी ती कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ करून माझ्यापासून लांब, वेगळी झोपायची. तिला सगळं कळत होतं. कळूनही ती..."

पुढं तिला बोलता येईना. माईक तिनं लताबाईच्या हातात दिला आणि खाली बसली. सगळं अर्धवट राहिलं, मायचं धड सांगताही आलं नाही, असं तिला वाटत राहिलं.

सूत्रसंचालन करणारा पुढचं नाव वाचणार इतक्यात अंगणातून एक बाई उठली. तिला कुणी ओळखत नव्हतं. सातपुड्याकडच्या बाया नेसतात तसं लुगडं, हातात कापडी पिशवी. माईककडं तिनं पाहिलंही नाही. जागेवरूनच बोलायला लागली. बोलण्यात डोंगरातली पावरी बोली मिसळलेली होती, म्हणून सगळे कान देऊन ऐकू लागले.

तिनं सांगितलं की ती मोतीबाई, पळासनेरच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा आहे. त्या मे महिन्याच्या शेवटी ती, तिचा नवरा आणि आठ वर्षांची लेक नाशिककडून कांद्याच्या कामावरून चालत येत होते. इथं पोचेपर्यंत लेकीला ताप चढला. बरोबरची माणसं पुढं निघून गेली. झुंबरबाईनं त्यांना तीन दिवस याच विहाराच्या मागच्या खोलीत ठेवलं, पोरीच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या आणि जाताना सांगितलं, पोरीला शाळेत घाल, मी बघायला येईन.

"लोक बोलतात तसं बोलली, असं मला वाटलं," मोतीबाई म्हणाली. "पण ती आली. दर वर्षी दिवाळीनंतर येत होती. गाडीनं पळासनेर, तिथून पायी. एक दिवस ऱ्हायची. पोरीचं पुस्तक हातात घेऊन बसायची, वाचता येत नव्हतं तरी. औंदा आली नाही म्हणून मी बघायला आले."

वृषाली ऐकत राहिली. दर दिवाळीनंतर एक दिवस मायचा फोन लागत नसे. विचारलं की ती म्हणायची, बाजारले गयी व्हती.

मोतीबाई बसली आणि मग कुणाला आवरणं शक्य राहिलं नाही. कुंदाबाई उठली, कुंदन उठला, गल्लीतली भूमिकाही उठली. यादीत नसलेलीच माणसं बोलत होती. मंडपात वरण-भात निवत होता; भन्तेजी मात्र कुणालाही न थांबवता ऐकत होते. वृषालीनं माय गेल्यानंतर बाराव्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांतलं पाणी अडवलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तिनं मोतीबाईला शोधून काढलं. ती एका कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वृषाली तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि वाढणाऱ्याला दोन ताटं मांडायला सांगितली.

"लेकीचं नाव काय?"

"सुनिता."

"कितवीला आहे?"

"आठवीले गयी," मोतीबाई म्हणाली. "आश्रमशाळेत शे. तिले अजून सांगितलं नाही. कसं सांगू?"

वृषालीनं तिच्या ताटात भात वाढला. "रविवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते. दोघी मिळून सांगू."